आठ जणी की एकशे अठ्ठावीस?

वर्षाकाठी एखादीच टेनिस स्पर्धा पहिल्या सामन्यापासून शेवटपर्यंत मन लावून बघायला जमते, अशांसाठी हे लिहितोय. महिला एकेरीसाठीच वेळ काढायचा, तर तो ग्रँड स्लॅमच्या (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीच्या, जिथे एकशे अठ्ठावीस जणी बाद पद्धतीने खेळतात) दोन-तीन आठवड्यांना द्यावा की मोसमाच्या अखेरीस वर्षातल्या सर्वोत्तम आठ जणींमध्ये होणाऱ्या डब्ल्यूटीए फायनल्सला? मी काही वर्षं दोन्ही सारख्याच आवडीने पाहिल्या आणि मग एक सोडली. माझं कारण सगळ्यांना पटेलच असं नाही, म्हणून जी सोडली तिचीही बाजू नीट सांगतो.

पैसा आणि प्रतिष्ठा यांवरून निवड करण्यात अर्थ नाही. २०२५ मध्ये रियाधच्या फायनल्स एकही सामना न हरता जिंकलेल्या एलेना रायबाकिनाला ५२ लाख ३५ हजार डॉलर मिळाले. त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकणाऱ्या अरिना सबालेन्काला ५० लाख. क्रमवारीचे गुण ग्रँड स्लॅमला जास्त असतात, पण बघणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?

फरक पडतो तो सामन्यांच्या दर्जाने, आणि इथे फायनल्सचं पारडं निर्विवाद जड आहे. ग्रँड स्लॅममध्ये ३२ मानांकनं (क्रमवारीतल्या वरच्या खेळाडूंना सामन्यांच्या आखणीत, म्हणजे ड्रॉमध्ये, एकमेकींपासून लांब ठेवणारे क्रमांक) असल्यामुळे पहिल्या आठातल्या दोघी उपांत्यपूर्व फेरीच्या आधी समोरासमोर येऊच शकत नाहीत. पहिल्या आठवड्यात ६-१, ६-२ असे सामने पुष्कळ होतात आणि मोठ्या कोर्टवर बऱ्याचदा तेच दाखवतात. फायनल्समध्ये पहिल्याच दिवशी सबालेन्कासमोर तिच्या तोडीची खेळाडू उभी असते. शिवाय एका वेळी एकेरीचा एकच सामना. ग्रँड स्लॅमच्या दुसऱ्या दिवशी दहा-बारा कोर्टवर एकदमच खेळ चालू असतो, आणि आपण बघत असलेल्या कोर्टवर काही घडत नसताना तिकडे चौदाव्या कोर्टवर कुणीतरी मॅच पॉइंट वाचवत असतं. ज्याला ही ओढाताण सोसवत नाही, त्याने फायनल्सच बघावी, असं मी मनापासून सांगेन.

नव्याने टेनिस बघू लागलेल्यांनाही फायनल्स सोयीची. त्याच आठ जणी, प्रत्येकीचे किमान तीन सामने, तेही वेगवेगळ्या धाटणीच्या प्रतिस्पर्ध्यांशी. रायबाकिनाची सर्व्हिस कुणासमोर चालते, कोको गॉफचा फोरहँड कुणी दबाव आणला की डळमळतो, हे चार दिवसांत डोळ्यांत भरतं. ग्रँड स्लॅममध्ये हेच कळायला दोन-तीन मोसम जातात.

हे सगळं मान्य करूनही मी ती सोडली, ती साखळी फेरीच्या हिशेबापायी. चार-चार जणींचे दोन गट, प्रत्येक जण गटातल्या इतर तिघींशी खेळते आणि पहिल्या दोघी उपांत्य फेरीत जातात. तिघींचे विजय सारखे झाले की जिंकलेल्या-हरलेल्या सेटवरून ठरतं.

२०१४ साली सिंगापूरला सिमोना हालेपने सेरेना विल्यम्सला ६-०, ६-२ असं हरवलं. सेरेना तशी हरल्याचं कुणाला आठवत नव्हतं, इतका मोठा निकाल. बाद पद्धतीत त्या रात्री सेरेना घरी गेली असती. इथे मात्र तिचं भवितव्य हालेप आणि अ‍ॅना इव्हानोविच यांच्या सामन्यावर लटकलं. इव्हानोविच सरळ दोन सेटमध्ये जिंकली तर सेरेना बाहेर, हालेपने एक जरी सेट घेतला तर सेरेना आत. हालेपचं स्वतःचं उपांत्य फेरीतलं स्थान तोवर नक्की झालं होतं. तिने प्रामाणिकपणे खेळून दुसरा सेट घेतला आणि सामना गमावला. सामना जिंकूनही इव्हानोविच स्पर्धेबाहेर गेली. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात सेरेनाने हालेपला ६-३, ६-० असं हरवून करंडक उचलला.

हालेपच्या सचोटीला सलाम. पण तो सामना बघताना माझं लक्ष चेंडूवर नव्हतं, कोर्टवर नसलेल्या तिसरीकडे होतं. प्रत्येक गेमनंतर आता कोण आत, कोण बाहेर हेच डोक्यात. खेळ बघायला बसलो होतो आणि हिशेब मांडत राहिलो.

पुढच्याच वर्षी हे टोकाला गेलं. अग्निएस्का रडवान्स्का गटातले तीनपैकी दोन सामने हरली. पेट्रा क्विटोव्हाही तिच्या गटात दोन हरली. अँजेलिक कर्बरला ल्युसी साफारोव्हाविरुद्ध एक सेट पुरणार होता, तोही तिला मिळाला नाही, आणि क्विटोव्हासाठी दार उघडलं. अंतिम सामना याच दोघींचा झाला आणि रडवान्स्का विजेती ठरली. तिच्याइतका कल्पक हात त्या काळात दुसरा नव्हता, ती जिंकली याचा मला आनंदच झाला. तरी तीनपैकी एकच सामना जिंकलेल्या दोघी अंतिम फेरीत, ही गोष्ट काही केल्या गळी उतरेना.

आणि याच्या नेमकं उलट २०२४ मध्ये रियाधला. इगा श्वियाँतेकने तीनपैकी दोन सामने जिंकले. तिसरा तर ६-१, ६-० असा, तोही जेसिका पेगुलाने दुखापतीमुळे माघार घेतल्यावर बदली म्हणून आलेल्या दारिया कसात्किनाविरुद्ध. त्यानंतर श्वियाँतेकच्या हातात काही उरलं नाही. बार्बोरा क्रेजिकोव्हाने गॉफला हरवलं, तिघींचे दोन-दोन विजय झाले, आणि श्वियाँतेक घरी. गॉफचं पुढे जाणं आधीच पक्कं होतं. तिने सामना सोडून दिला असं मी म्हणणार नाही, ७-५, ६-४ हा काही सोडून दिलेल्या सामन्याचा गुणफलक नव्हे. पण खुद्द खेळाडूचं काहीच पणाला लागलेलं नसताना तिच्या प्रत्येक चुकलेल्या फटक्याकडे आपण नको त्या नजरेने बघू लागतो. मला ती नजर नको होती. एका विजयावर विजेतेपद मिळतं आणि दोन विजयांनंतर गाशा गुंडाळावा लागतो, हे दोन्ही एकाच नियमात बसतं. नियम चुकीचा आहे असा माझा दावा नाही. साखळीत असंच होणार. पण टेनिसमध्ये मला जे हवं असतं ते यात हरवतं: हरलीस की संपलं, आणि जिंकलीस तर उद्या पुन्हा.

बदली खेळाडूंचा मुद्दा यालाच लागून येतो. नऊ-दहा महिने खेळून शरीर थकलेलं असतं, त्यामुळे फायनल्समध्ये माघार नवी नाही. २०१९ ला शेन्झेनमध्ये नाओमी ओसाका आणि बियांका आंद्रेस्कू या दोघींनाही दुखापतीने बाहेर काढलं. २०२५ ला मॅडिसन कीजच्या जागी एकातेरिना अलेक्झांड्रोव्हा आली. ताजीतवानी बदली खेळाडू दमलेल्या प्रतिस्पर्धीसमोर एकाच सामन्यासाठी उतरते आणि तिचा निकाल इतर तिघींच्या हिशेबात मिसळतो.

जागेबद्दल थोडक्यात. २०१९ पासून ही स्पर्धा शेन्झेन, ग्वादालाहारा, फोर्ट वर्थ, कॅनकून, रियाध अशी फिरत राहिली. ग्वादालाहाराच्या उंचीवर चेंडू हाताबाहेर उडायचा. कॅनकूनमध्ये तात्पुरत्या उभारलेल्या कोर्टवर वारा आणि पावसाने इतका गोंधळ घातला की अंतिम सामना सोमवारवर गेला. जागा बदलली की खेळही बदलतो, आणि गेल्या वर्षाशी यंदाची तुलना करायला हाताशी काही उरत नाही. ग्रँड स्लॅमची चार गावं आणि त्यांची तीन प्रकारची कोर्टं ठरलेली.

आता ग्रँड स्लॅम. एमा रडुकानू २०२१ मध्ये १५०व्या क्रमांकावरून अमेरिकन ओपनच्या पात्रता फेरीत उतरली आणि सलग दहा सामने एकही सेट न गमावता जिंकली. मार्केटा वोंड्रोसोव्हा २०२२ ला मनगट प्लास्टरमध्ये घालून विम्बल्डनला मैत्रिणीचा सामना बघायला आली होती, आणि वर्षभराने मानांकन नसताना तिथेच विजेती झाली. २०२५ च्या फ्रेंच ओपनमध्ये लोईस बोइसाँ ३६१व्या क्रमांकावर होती. वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर) आत आली, पेगुलाला हरवलं, मग मीरा आंद्रेयेवालाही, आणि थेट उपांत्य फेरीत. आठ जणींच्या स्पर्धेत बोइसाँ असूच शकत नाही. वर्षभर ज्या जिंकत आल्या त्यांनाच तिथे जागा, आणि ते न्याय्यही आहे. पण मला एकशे अठ्ठाविसातली ती अनोळखी मुलगी बघायची असते. आपली सानिया मिर्झा २००५ मध्ये अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोहोचली, तो रोमांचही मोठ्या ड्रॉमुळेच मिळाला. पुढे तिने फायनल्समध्ये दुहेरीची दोन विजेतेपदं मिळवली हेही नोंदवायला हवं.

दोष इथेही आहेत. दोन आठवडे ताणून धरलेली उत्कंठा शेवटी एका तासात विझू शकते. २०२५ च्या विम्बल्डनला श्वियाँतेकने अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० हरवलं तेव्हा अनिसिमोव्हाकडे बघवत नव्हतं. त्याउलट गॉफ आणि झेंग किनवेन यांच्यातला २०२४ चा फायनल्सचा अंतिम सामना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत रंगला. १९८४ ते १९९८ या काळात फायनल्सचा अंतिम सामना पाच सेटचा असे. १९९० मध्ये मोनिका सेलेस आणि गॅब्रिएला साबातिनी पाचही सेट खेळल्या, तेव्हा सेलेस सोळा वर्षांची होती. तो नियम आजही असता तर माझा निर्णय कदाचित वेगळा झाला असता. महिलांच्या टेनिसमध्ये दुसरीकडे कुठेही न दिसणारी गोष्ट बघायला मिळते म्हटल्यावर मी हिशेबाची कटकटही सोसली असती.

ज्यांच्याकडे खरोखर आठवडाभरच आहे, दर्जा हीच ज्यांची पहिली अट आहे आणि ज्यांना गुणतक्ते मांडायला आवडतात, त्यांना फायनल्स निराश करणार नाही. काहींना तर साखळी फेरीतला तोच गुंता मोहवतो, आणि त्यात काही वावगं नाही. अशांनी गटाच्या अखेरच्या दिवशीचे दोन्ही सामने चुकवू नयेत. हिशेब नको असेल त्यांनी सरळ उपांत्य फेरीपासून बसावं. तिथून पुढे ती निखळ बाद स्पर्धा आहे.

आणि ग्रँड स्लॅमकडे वळलात तर चारांपैकी कुठली? महिला एकेरीसाठी मी फ्रेंच ओपन सुचवेन. लाल मातीवर नुसत्या सर्व्हिसवर निभावत नाही, गुण बांधावा लागतो, रॅली लांबते आणि धक्के जास्त बसतात. २०१७ ला येलेना ओस्टापेन्को, २०२० ला श्वियाँतेक, २०२१ ला क्रेजिकोव्हा, तिघीही जिंकल्या तेव्हा बिगरमानांकित होत्या. रात्रीच्या सत्रात मात्र एकच सामना असतो आणि तो बहुतेक वेळा पुरुषांचा, तेव्हा दिवसाचा वेळ मोकळा ठेवा. पहिल्या दोन दिवसांत मोठी नावं बाजूला ठेवून ड्रॉमध्ये पात्रता फेरीतून आलेल्यांची नावं शोधा, त्यांतल्या एखादीचा सामना निवडा, आणि ती जिंकली तर पुढच्या फेरीलाही तिच्याच कोर्टवर राहा.