डिस्क गोल्फ क्लबांची टीम मॅच लावायचीय? थ्रोंची बेरीज, मॅच प्ले की सीझनभर लीग

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या शेजारच्या गावात राहणारा एक ओळखीचा पोरगा आहे, मूळचा साताऱ्याचा. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, दादा आमच्या क्लबात आता तीसेक जण झालेत, आजूबाजूच्या क्लबांशी टीम मॅच लावायचं चाललंय, तुम्ही दोन वर्षं केलंय तर सांगा ना कसं करू. तासभर बोललो तरी अर्धं राहिलंच, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

ज्यांना हा खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, टी पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या चौथऱ्यावरून, डिस्क (फ्रिसबीसारखी चकती) फेकायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये कमीत कमी थ्रोमध्ये घालायची, तो झाला एक होल, बाकी सगळं गोल्फसारखंच पण बहुतेक कोर्स पब्लिक पार्कात आणि फुकट. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिकने पहिला कायमचा कोर्स उभा केला, पुढच्या वर्षी पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना आली. आमच्या भागात तर याचं वेडच आहे, पंचवीसेक मैलांवर रॉक हिलला विन्थ्रॉप युनिव्हर्सिटीच्या मैदानावर १९९९ पासून यूएस चॅम्पियनशिप होते आणि २०१२ ची वर्ल्ड्स, म्हणजे जागतिक स्पर्धा, शार्लटलाच झाली होती, पॉल मॅकबेथचं पहिलं वर्ल्ड टायटल तेच. त्यामुळे क्लब भरपूर, प्रत्येकाचा आपापला घरचा कोर्स, आणि तो बहुतेक झाडीतला. हे झाडीतलं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता मुद्द्याचं. आधी ठरवायचं ते जिंकणं कशावर मोजायचं, एक दिवस की सीझन हे त्याच्यानंतर.

पहिला मार्ग म्हणजे थ्रोंची बेरीज. प्रत्येक क्लबचे आठ जण खेळतात, सगळ्यांचे स्कोअर मिळवायचे, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. समजायला सोपं, यूडिस्क या स्कोअरच्या अ‍ॅपवर स्कोअर टाकला की झालं, आणि इव्हेंट पीडीजीए सँक्शन केला तर सिंगल्स राउंडचं पीडीजीएच्या सभासदांना रेटिंगही (खेळाडूच्या दर्जाचा आकडा, जास्त तितका चांगला) मिळतं, जे आमच्यातल्या काही जणांना बायकोच्या वाढदिवसापेक्षा महत्त्वाचं असतं. आम्ही पहिल्या वर्षी हेच केलं, तीन क्लब बोलावले. आणि तिथेच फसलो.

कारण गणित बघा. रेटिंगमधले साधारण दहा पॉइंट म्हणजे एका राउंडला एक थ्रो. म्हणजे ९५० वाला आणि ८५० वाला एकाच कोर्सवर खेळले तर अठरा होलमध्ये दहा थ्रोचा फरक पडणार हे घरून निघतानाच ठरलेलं आहे. त्यात नवीन माणसाची एखाद्या होलला पूर्ण वाट लागली तर बघायलाच नको. आमच्याकडे एक जण होता, तीन महिन्यांपूर्वी खेळायला लागलेला, उत्साही, सगळ्यांसाठी घरून सँडविच करून आणणारा. तळ्याच्या होलला दोन डिस्क पाण्यात, ओबीचा (हद्दीबाहेर गेल्याचा) एकेक पेनल्टी थ्रो वरून, एकूण अकरा. आम्ही तीन थ्रोनी हरलो. कोणी त्याला एक शब्द बोललं नाही हो, पण पार्किंग लॉटमध्ये सगळे मनातल्या मनात तीच वजाबाकी करत होते आणि ते त्याला दिसत होतं. परत आला नाही. सँडविचही गेली.

यावर तोडगा म्हणजे आठ खेळवायचे आणि सहा चांगले स्कोअर धरायचे. त्याने धक्का कमी होतो, पण मग ज्या दोघांचे स्कोअर गळले त्यांनी सकाळभर नक्की काय केलं हा प्रश्न उरतोच.

दुसरा मार्ग मॅच प्ले. समोरच्या एकाच माणसाशी होल-होल लढायचं, ज्याचे थ्रो कमी त्याचा होल, शेवटी जास्त होल ज्याचे त्याचा टीमला एक पॉइंट, बरोबरी झाली तर अर्धा-अर्धा. अकरा टाकले काय आणि पाच टाकले काय, गेला तो एकच होल, पुढच्या टी पॅडवर पाटी कोरी. कबड्डीत एखाद्या चढाईला पकड झाली म्हणून सामना संपत नाही तसंच. आणि नवीन माणूस सगळेच्या सगळे होल हरला तरी टीमचा जातो एक पॉइंट, तोही शेजारचा कोणीतरी भरून काढतो. दुसऱ्या वर्षी आम्ही याच्यावर आलो आणि मी तरी आता मागे जाणार नाही.

तोटे आहेत की. मॅच प्लेच्या राउंडला रेटिंग मिळत नाही, त्यामुळे रेटिंगवेडे कुरकुरतात. मॅच चौदाव्या होललाच संपू शकते, मग उरलेले चार होल लोक गप्पा मारत खेळतात आणि मागचं कार्ड, म्हणजे मागून येणारा गट, खोळंबतं. आणि कोण कोणाशी खेळणार ही भानगड. दोन्ही कॅप्टन चिठ्ठीत क्रम लिहून एकदम उघडतात तेव्हा मजा येते, पण एखादा हुशार कॅप्टन आपला सगळ्यात कच्चा खेळाडू समोरच्या एक नंबरला बळी देतो आणि बाकी सगळीकडे वरचढ होतो. नियमात बसतं, पण त्या बळीच्या बकऱ्याला सकाळी उठून तीस मैल यायला सांगायचं म्हणजे. त्यापेक्षा रेटिंगच्या क्रमाने लावा, एकशी एक, दोनशी दोन, ज्याचं रेटिंग नाही त्याचा यूडिस्कवरचा अलीकडचा स्कोअर बघा. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

डबल्स घालाच घाला. आमचा हिशोब असा होता, आठ-आठ जण, सकाळी चार डबल्स, दुपारी आठ सिंगल्स, एकूण बारा पॉइंट. डबल्समध्येही बेस्ट शॉट आणि आल्टरनेट शॉट यात फरक आहे. बेस्ट शॉटमध्ये दोघंही फेकतात आणि चांगल्या जागेवरून दोघंही पुढे खेळतात, त्यामुळे कच्चा जोडीदारही झाडांच्या फटीतून एक भारी थ्रो काढून दिवसभर कॉलर ताठ करून फिरतो. आल्टरनेटमध्ये एकानंतर एक, तुझ्या चुकीतून जोडीदाराने बाहेर पडायचं. खेळ म्हणून तो जास्त खरा आहे असं माझं मत, पण पहिल्या वर्षी नको, ओळखी नसताना लोक फक्त सॉरी सॉरी करत राहतात.

मग एक दिवस की सीझनभर. एका दिवसाच्या कपाला वेळेचं गणित सोपं आहे. शॉटगन स्टार्ट, म्हणजे सगळी कार्डं एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू, चौघांचं कार्ड धरलं तर अठरा होलवर ७२ जण मावतात. चार क्लब आठ-आठ म्हणजे ३२ जण, आठच कार्डं, आरामात. एक राउंड अडीच ते तीन तास, दोन राउंड आणि मध्ये जेवण धरून सात तास. पार्कची परवानगी एकदाच काढायची, बार्बेक्यूची शेगडी एकदाच पेटवायची. वाईट एवढंच की इथल्या उन्हाळ्यात दुपारी विजांचा पाऊस आला की सगळं तिथेच थांबवावं लागतं, पर्यायी तारीख नसेल तर वर्षभराचा खेळ गेला.

सीझनभराच्या लीगमध्ये चार क्लब एकमेकांशी एकदा घरी एकदा बाहेर खेळले तर प्रत्येकाला सहा सामने, म्हणजे सहा रविवार. सहा क्लब असतील तर दहा रविवार, आणि तिथे गळती सुरू होते, कोणाचं मूल सॉकरला, कोणी भारतात गेलेला. आठजणांच्या टीमला रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, किमान चौदा-पंधराचं हवं, नाहीतर शनिवारी रात्री अकरा वाजता कॅप्टन ग्रुपवर गयावया करत असतो. क्लब तीन असतील तर दर वेळी एकाला सुट्टी, ते बेचव होतं.

पण घरी-बाहेरची जी गंमत आहे ती कपात नाही. झाडीतल्या कोर्सवर कुठल्या दोन पाइनमधून डिस्क जाते हे घरच्यांना पाठ असतं आणि पाहुणे पहिले सहा होल झाडांवर ठक ठक वाजवत येतात. मग परतीच्या सामन्यात त्याचा बदला. फक्त एक गोष्ट आधी लिहून घ्या, बऱ्याच कोर्सवर एका होलला बास्केटच्या दोन-तीन जागा असतात, तर कुठला लेआउट खेळायचा ते चार दिवस आधी कळवायचं आणि नंतर हलवायचं नाही. आमच्याकडे एका सामन्याला सकाळी जाऊन बघतो तर तीन बास्केट वेगळीकडेच, यजमान म्हणाले काल पार्कवाल्यांनी हलवल्या. असेल बुवा.

बॅग टॅगवरून आव्हान द्यायचा एक प्रकार असतो, नंबरचे बिल्ले, ज्याचा स्कोअर कमी त्याला लहान नंबर. क्लबच्या आत झकास, पण दोन क्लबांत त्यावरून टीमचा निकाल काढत बसू नका.

तर तुझ्यासाठी, साताराकर. तुमचे तीस जण, त्यातले निम्मे नवीन, शेजारी खेळायला तयार असलेले क्लब तीन. या वर्षी एका दिवसाचा कप घे, मॅच प्ले, सकाळी बेस्ट शॉट डबल्स आणि दुपारी रेटिंगच्या क्रमाने सिंगल्स. चार क्लब आहेत तर सकाळी दोन सामने, जिंकलेले दुपारी आपसात आणि हरलेले आपसात, कोणी लवकर घरी जात नाही. पॉइंट मात्र सकाळचे चार आणि दुपारचे आठ वेगळे मोज, मिसळले तर गोंधळ होईल. सकाळच्या सामन्यात २-२ झालं तर त्या दोन्ही कॅप्टनना एकाच होलला उभं करून बास्केटच्या सगळ्यात जवळ कोणाचा थ्रो पडतो ते बघ, पाच मिनिटांत निकाल आणि सगळे बघायला जमतात. सगळ्यांना आवडलं तरच पुढच्या वर्षी घरी-बाहेर लीग, तीही मार्च ते मे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, दुसरा राउंड मोबाइलच्या टॉर्चवर संपवावा लागतो, आम्ही संपवलाय.

आणि जेवणाचं काम कोणाला द्यायचं ते आधी ठरव, आमच्याकडे आता सँडविचवाला नाहीये.