स्पोर्ट्‌स कार हिवाळ्यात चालवावी की झाकून ठेवावी? अख्खा मोसम चालवल्यानंतरचा अनुभव

मागच्या हिवाळ्यात माझी गाडी गॅरेजमध्ये झाकलेली होती, या हिवाळ्यात ती रोज रस्त्यावर होती. दोन दरवाज्यांची, रिअर व्हील ड्राइव्ह (म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना), जमिनीला टेकल्यासारखी बसणारी पेट्रोल कूपे. जिथे बर्फ पडतो आणि रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे अशी गाडी असणाऱ्याला थंडीची चाहूल लागली की हा प्रश्न पडतोच. दोन्ही करून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. चालवायची तर पूर्ण तयारीनिशी चालवा, ठेवायची तर थंडी सरेपर्यंत हात लावू नका. मन झालं की काढायची आणि परत झाकायची, हा प्रकार गाडीसाठी सगळ्यात वाईट.

आधी टायर. समर टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. म्हणजे बर्फाचा कणही नसलेल्या कोरड्या रस्त्यावरसुद्धा पकड कमी होते. काही हाय परफॉर्मन्स समर टायरना कडाक्याच्या थंडीत तडे जाऊ शकतात, इतके की गाडी जागची हलवूही नका असं त्यांचे उत्पादकच सांगतात. त्यामुळे विंटर टायर घ्यायचे नसतील तर पुढचा विचारच करू नका, गाडी ठेवून द्या. मी रिमसकट वेगळा सेट घेतला. रिम एक इंचाने लहान आणि टायर थोडे अरुंद, कारण अरुंद टायर बर्फात जास्त दाब देऊन खाली रुततो. लहान रिम घेताना ती ब्रेक कॅलिपरवरून (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावरून) मोकळी बसते का, हे आधी बघायला हवं. स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक मोठे असतात. आणि साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवंच. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका, ते मिळवायला बर्फावरची चाचणी द्यावी लागत नाही.

चालवायला कशी वाटते? स्टिअरिंग थोडं मऊ पडतं. वळणावर उन्हाळ्यासारखी टोकदार वळत नाही. पण ब्रेकवर भरवसा वाटतो, आणि तोच महत्त्वाचा. घसरड्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, पाय अगदी अलगद ठेवून सोडली की मागची चाकं गुमान पकड घेतात. थंड हवा दाट असते, त्यामुळे इंजिन छान ओढतं. उन्हं पडलेल्या कोरड्या सकाळी या गाडीत जे सुख मिळालं ते मी भर उन्हाळ्यातही अनुभवलं नव्हतं. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) तापमानाचा काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून गार असतं, त्यामुळे काटा स्थिरावल्यावरही काही किलोमीटर इंजिन जास्त वेगाने फिरवायचं नाही. ताजा बर्फ बंपरच्या खालच्या कडेपर्यंत आला की मात्र टायर कितीही चांगले असोत, गाडी नांगरासारखी बर्फ ढकलत राहते. ते दिवस मी घरीच काढले.

खरी लढाई मिठाशी. साधं मीठ उणे ९ अंशांच्या आसपासपर्यंत नीट काम करतं. त्याहून जास्त थंडीत मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, रस्ता सुकल्यावरही पत्र्याच्या सांध्यांत ओले राहतात. त्यात गाडी उबदार गॅरेजमध्ये उभी केली तर गंज आणखी वेगाने चढतो, कारण उष्णतेने ती सगळी प्रक्रिया जोर धरते. म्हणून माझं गॅरेज मी गरम करत नाही. पारा शून्याच्या वर गेला की गाडी धुवायची, आणि वरचा रंग चमकवण्यापेक्षा पोटाखालून, चाकांच्या कमानींतून पाणी मारायचं. नंतर दारांची रबरं पुसायची आणि ब्रेक सुकेपर्यंत एक चक्कर मारायची, नाहीतर रात्री पॅड डिस्कला चिकटतात.

मोसम संपल्यावर गाडी लिफ्टवर चढवून टॉर्च घेऊन खाली उभा राहिलो. बॉडीचा पत्रा स्वच्छ. मागच्या सबफ्रेमच्या (बॉडीखालच्या, सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्याच्या) बोल्टांची डोकी तांबूस झालेली, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आर्ममध्ये (सस्पेन्शनच्या दांड्यात) स्टीलचा बोल्ट बसतो त्या कडेला पांढरी पूड. बोटाने निघाली, खाली खड्डा नव्हता. दोन धातू आणि मध्ये खारट पाणी, की हे होणारच. ब्रशने साफ करून मेणाचा स्प्रे मारून घेतला.

ठेवण्याचा अनुभवही वाईट नव्हता, फक्त ते कामही नीटच करावं लागतं. ठेवण्याआधी ऑइल बदला, जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असतं. टाकी भरा, स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) टाका आणि तो इंजेक्टरपर्यंत पोचेल इतका वेळ इंजिन चालवा. हँडब्रेक सोडा, चाकांना ठोकळे लावा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. बॅटरीला मेंटेनर (ती हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर) लावाच. बंद गाडीही करंट खात असते; ५० मिलीअँपिअर धरले तरी ६० अँपिअर-अवरची बॅटरी २५ दिवसांत अर्धी होते, आणि उतरलेली बॅटरी भरलेल्या बॅटरीच्या मानाने फार लवकर गोठते. कव्हर हवा खेळती राहील असंच हवं. एक्झॉस्टच्या तोंडात स्टीलवूल कोंबा म्हणजे उंदीर शिरत नाहीत, आणि तो बोळा काढायचा आहे अशी चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवा. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचा सल्ला भरपूर मिळेल. तो ऐकू नका. तेवढ्यात ऑइल पुरतं तापत नाही, जळताना तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचून राहतं.

गाडी जुनी असेल, पत्रा गॅल्व्हनाइझ केलेला (जस्ताचा थर दिलेला) नसेल, किंवा खालून धुवायची सोय नसेल, तर मी बिनदिक्कत ठेवायलाच सांगेन. तसंच मॉडेल दुर्मीळ असेल आणि सुटे भाग मिळायची मारामार असेल तरी. माझी गाडी यातल्या कशातच बसत नाही, म्हणून पुढच्या हिवाळ्यातही ती चालणार आहे. विंटर टायरची नक्षी ४ मिलीमीटरच्या खाली गेली की बर्फावरची पकड उतरते; माझी अजून बरीच वर आहे, तेव्हा हाच सेट पुन्हा चढेल.