छाटणीनंतरचे दिवस मोजण्यासाठी ‘डेट’ आणि ‘डेटयुटिल्स’: दोन हंगामांचा अनुभव

निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी झाली की तारीख कोणी विचारत नाही. ‘प्लॉट किती दिवसांचा झाला?’ एवढेच विचारले जाते. घरच्या आणि चुलत्यांच्या प्लॉटची नोंद मी नाशिकमध्ये राहून लिनक्स लॅपटॉपवरील एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो, आणि दिवसांचा हिशेब गेले दोन हंगाम टर्मिनलवरच करतो. पहिल्या हंगामात त्यासाठी लिनक्ससोबत येणारी ‘डेट’ ही आज्ञा वापरली, दुसऱ्यात ‘डेटयुटिल्स’ हा मोफत संच.

‘डेट’ला दोन तारखांची थेट तुलना करता येत नाही. प्रत्येक तारखेचे 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत रूपांतर करून घ्यायचे, ते दोन आकडे शेलमध्ये (टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ताडून पाहायचे आणि दिवस हवे असतील तर वजाबाकीला 86,400 ने भागायचे, अशी तिची रीत आहे. भारतात घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात मागेपुढे होत नसल्यामुळे हा भागाकार नेमका येतो. युरोपातील स्थानिक वेळ धरून हाच हिशेब केला, तर मार्चच्या शेवटच्या रविवारी दिवस 23 तासांचाच असतो आणि पूर्णांकी भागाकार एक दिवस कमी दाखवतो; मार्चमध्ये रॉटरडॅमकडे कंटेनर पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

माझी खरी तक्रार तारीख वाचण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आपण 8 ऑक्टोबर 2024 ही तारीख 08/10/2024 अशी लिहितो, पण ‘डेट’ तिरप्या रेघांच्या तारखेत महिना आधी धरते आणि हीच तारीख 10 ऑगस्ट म्हणून वाचते. त्यामुळे 10 फेब्रुवारी 2025 रोजी 125 दिवसांचा असलेला प्लॉट तिच्या लेखी 184 दिवसांचा ठरतो, आणि त्याबद्दल एका शब्दाचीही सूचना मिळत नाही. 18/10/2024 दिली तर मात्र ती तारीख अवैध असल्याचे सांगते. म्हणजे महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढची चूक पकडली जाते आणि पहिल्या बारा दिवसांतील चूक निमूटपणे हिशेबात शिरते. पीएचआयचे, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये सोडावे लागणारे किमान दिवस ज्या नोंदीवरून ठरवायचे, तिथे अशी चूक मला अजिबात चालणार नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने 2024-10-08 असे लिहिले की ही अडचण संपते, आणि अशा तारखा नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमानेच येतात.

बागलाणातील अर्ली, म्हणजे ऑक्टोबरच्या बऱ्याच आधी छाटलेल्या प्लॉटची नोंद ठेवणाऱ्यांना आणखी एक खड्डा लागेल. शेलच्या गणितात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा समजला जातो, आणि त्या पद्धतीत 8 व 9 हे अंकच नाहीत. त्यामुळे जुलैपर्यंत बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट ऑगस्ट उजाडताच ‘08’ पाशी अडते. ‘डेट’कडून महिना मागताना टक्केचिन्हानंतर वजाचे चिन्ह दिले की पुढचे शून्य गळून पडते.

‘डेटयुटिल्स’मध्ये ही सेकंदांची वळणे घ्यावी लागत नाहीत. ‘डेटडिफ’ला दोन तारखा दिल्या की उत्तर दिवसांतच येते. ‘डेटटेस्ट’ला एक तारीख दुसरीच्या नंतरची आहे का असे विचारता येते, आणि उत्तर होकारार्थी असेल तर तिचा निर्गम-संकेत (आज्ञा संपताना शेलला कळवला जाणारा आकडा) शून्य असतो; शेल शून्याला ‘हो’ समजत असल्यामुळे ती स्क्रिप्टमधल्या ‘इफ’ या अटीत तशीच बसते. ‘डेटग्रेप’ ठरावीक तारखेनंतरच्या ओळी फाइलमधून वेचून देते. फवारणीची नोंदवही चाळायला मी सर्वांत जास्त तीच वापरतो. ‘-i’ या पर्यायाने तारखेचा साचा आधीच सांगता येतो, त्यामुळे चुलत्यांनी लिहून पाठवलेल्या, दिवस आधी असलेल्या तारखा मला बदलाव्या लागत नाहीत.

उणिवाही आहेत. हा संच वेगळा बसवावा लागतो, आणि उबंटूवर याच आज्ञांची नावे ‘डेटयुटिल्स’ आणि टिंब या उपसर्गासह लांबलचक झालेली असल्यामुळे इतरत्र लिहिलेली स्क्रिप्ट तिथे जशीच्या तशी चालत नाही. मॅकवर मूळच्या ‘डेट’चे पर्यायच निराळे आहेत, म्हणून तिथे तर पहिल्या दिवसापासून ‘डेटयुटिल्स’च घ्यावे. लिनक्सवर नुसत्या एकदोन तुलना करायच्या असतील तर ‘डेट’ पुरेशी आहे. मात्र काढणीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक प्लॉटचा पीएचआय तपासण्याचे काम मी आता ‘डेटटेस्ट’वरच सोपवले आहे.