असाइनमेंटची उत्तरे विकत घेताना झालेली माझी फसवणूक

मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना जे घडले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण यंदा आमच्याच महाविद्यालयातील दोन मुलांना तशाच मजकुराचे संदेश आल्याचे मला नुकतेच कळले.

जानेवारीत भरणारी सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपून सत्राला वेग आला होता. गणित आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विषयांच्या असाइनमेंट एकाच आठवड्यात द्यायच्या होत्या आणि त्यांचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले जाणार होते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे इंग्रजीतील लांबलचक उदाहरण वाचून नेमके काय दिले आहे आणि काय काढायचे आहे, हे ठरवण्यातच माझा बराच वेळ जात असे. अशा वेळी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात एका अनोळखी क्रमांकावरून, कोणतेही उदाहरण रात्रीतून पायऱ्यांसह सोडवून मिळेल, असा संदेश आला. पहिली दोन उदाहरणे विनामूल्य होती. मी डिफरन्शियल इक्वेशनची दोन उदाहरणे पाठवली आणि तासाभरात सुवाच्य अक्षरातील अचूक उत्तरे मिळाली. माझा विश्वास बसला तो याच दोन उत्तरांमुळे.

त्यानंतर पूर्ण सत्रासाठी १,९०० रुपये आगाऊ मागण्यात आले. विद्यार्थी सवलतीची नोंद करायची असल्याचे सांगून महाविद्यालयाच्या ओळखपत्राचा फोटोही मागितला गेला, आणि मी तो पाठवला. या संपूर्ण व्यवहारातील माझी सर्वांत मोठी चूक हीच होती, असे मी आज मानतो. माझी आई विड्या वळते आणि तिला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. त्या रकमेसाठी तिला किती दिवस मांडीवर सूप घेऊन बसावे लागते हे मला ठाऊक असतानाही, पुस्तकांसाठी हवेत असे सांगून मी तिच्याकडून पैसे घेतले.

पैसे पोहोचल्यावर आलेली उत्तरे निराळीच होती. एक उदाहरण असे होते की, ३० अंशांच्या उतारावरून पातळ कवचाचा पोकळ गोल न घसरता गडगडत खाली येतो, तर त्याचे त्वरण किती? पोकळ गोलाचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरण्याची गती बदलायला वस्तू जो विरोध करते त्याचे माप, वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याच्या दोन तृतीयांश असतो, त्यामुळे त्वरण सुमारे २.९४ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवे. मला मिळालेल्या उत्तरात दोन पंचमांश धरले होते, म्हणजे तो गोल भरीव मानला होता, आणि उत्तर ३.५ आले होते. शिवाय मधल्या एका ओळीत ‘आकृती ७.४ वरून’ असे शब्द होते, परंतु आकृती कुठेच नव्हती. कोणत्या तरी पुस्तकातले भरीव गोलाचे उदाहरण जसेच्या तसे उतरवले होते. मी न तपासता ते वहीत लिहिले.

चूक लक्षात आल्यावर मी पैसे परत मागितले, तेव्हा तिकडून माझ्याच ओळखपत्राचा फोटो आला आणि खाली लिहिले होते की, आणखी १,५०० रुपये न दिल्यास सगळे संभाषण प्राचार्यांकडे पाठवले जाईल. परीक्षेला बसू देणार नाहीत या भीतीने मी मित्राकडून उसने घेऊन तेही भरले. चौथ्या दिवशी मागणी ५,००० वर गेली. त्या काळात मला धड झोप लागत नव्हती.

अखेर मी भौतिकशास्त्राच्या सरांना सर्व सांगितले. त्यांनी आधी वही उघडून “गोल पोकळ आहे की भरीव, हे वाचलेस का?” एवढेच विचारले, आणि मग मला सोबत घेऊन प्राचार्यांकडे गेले. माझी असाइनमेंट रद्द झाली. नवी लिहून दिल्यावर निम्मे गुण मिळाले. धमकी देणाऱ्याकडे सांगण्यासारखे त्यानंतर काही उरले नाही.

त्याच संध्याकाळी १९३० या सायबर मदत क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. व्यवहार होऊन काही दिवस उलटल्यामुळे रक्कम त्या खात्यातून आधीच काढली गेली होती; पहिल्या काही तासांत कळवले तर ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि धमकावून पैसे उकळण्यासाठी कलम ३०८ आहे, हे मला तेव्हा समजले. म्हणून ज्यांना असे संदेश येत आहेत त्यांनी संभाषण पुसून टाकू नये, पैसे पाठवल्याच्या पावतीवरील व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि दुसऱ्यांदा एक रुपयाही देऊ नये. मी भीतीपोटी अर्धे संदेश पुसले होते, त्यामुळे पहिल्या मागणीचा पुरावा मला देता आला नाही.

माझे ३,४०० रुपये अद्याप परत आलेले नाहीत. आईला खरे काय ते मी दिवाळीत सांगितले.