ॲक्सिस ॲटलस कार्ड: वर्षभराची वही आणि 46 रुपये

मी नाशिकला एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च जुळवायचे आणि रात्री जेवणं उरकली की आपली वही उघडायची, ही सवय लग्नाआधीपासूनची. त्यामुळे सिंगापूरच्या भाच्याने फोनवर "मामी, ट्रॅव्हल कार्ड घे, हॉटेल फुकट मिळतं" असं सांगितलं तेव्हा मी ॲक्सिस बँकेचं ॲटलस क्रेडिट कार्ड घेतलं खरं, पण वहीत त्याचं वेगळं पानही उघडलं. ते पान आता भरलंय.

"फुकट" या शब्दाची मला ॲलर्जी आहे. काही वर्षांपूर्वी एका मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या मुलाने "लाइफटाइम फ्री आहे मॅडम" म्हणत एका बँकेचं कार्ड गळ्यात मारलं होतं. दुसऱ्या वर्षी फी लागून आली. बंद करायला फोन केला की समोरून नवीन ऑफर. शेवटी रिझर्व्ह बँकेचा नियम वाचून दाखवला: सगळं देणं चुकतं केलेलं असेल तर विनंती केल्यापासून 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला 500 रुपये द्यायचे. कार्ड लगेच बंद झालं. हा नियम पाठ करून ठेवा, कधीही कामाला येतो.

ॲटलसचं एक बरं, ते फुकट असल्याचं सोंग आणत नाही. वर्षाची फी 5,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900. डिसेंबर 2024 मध्ये कार्ड आलं तेव्हा अटी अशा होत्या. पहिल्या व्यवहारावर 2,500 एज माइल्स, म्हणजे बँकेचे प्रवासासाठी वापरायचे पॉइंट. एरवीच्या खर्चावर शंभराला 2 माइल्स. विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर, नाहीतर बँकेच्या पोर्टलवर बुकिंग केलं तर शंभराला 5. वर्षात 3 लाख खर्च झाला की आणखी 2,500. त्यापुढे साडेसात आणि पंधरा लाखांच्या पायऱ्या आहेत, त्या आमच्या घराच्या नाहीत.

आता हे माइल्स जमतात कशावर, यापेक्षा कशावर जमत नाहीत ते आधी बघा. पेट्रोल नाही. सोनं नाही. महावितरणचं बिल नाही. विमा नाही. आरोग्य विम्याचा 38,000 चा हप्ता मी मोठ्या उत्साहात या कार्डावर भरला आणि हाती एक माइलही आला नाही, तीन लाखांच्या मोजणीतही तो धरला गेला नाही. चूक माझीच. अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. दुसऱ्यांच्या करारातलं बारीक अक्षर वाचून पोट भरणाऱ्या बाईने स्वतःचं वाचलं नाही.

शिवाय आमचा भाजीवाला, दूधवाला, पंचवटीतला किराणावाला, सगळे यूपीआयवाले. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायचं तर ते रुपेचं लागतं आणि हे कार्ड रुपेचं नाही. म्हणजे घरातला जो खर्च रोज होतो तोच या कार्डाबाहेर राहतो. मुंबई-पुण्यात मॉलमधून महिन्याचं सामान भरणाऱ्यांचा हिशोब वेगळा येईल.

पाच माइल्सच्या मोहापायी आणखी एक गोष्ट झाली. गेली बावीस वर्षं आमची तिकिटं काढून देणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे किंवा नेहमीच्या तिकीट ॲपवर पैसे भरले तर शंभराला दोनच. म्हणून या वर्षी सगळं मी स्वतः केलं. काका काही बोलले नाहीत, फक्त दिवाळीला त्यांचं कॅलेंडर आलं नाही. 2019 च्या पुरात आमची गाडी अडकली होती तेव्हा रात्री दीड वाजता याच काकांनी फोन उचलला होता. ते वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं, मला अजून सुचलेलं नाही.

तर जमेची बाजू. फेब्रुवारीत चौघं केरळला गेलो, मुंबई-कोची तिकिटं 34,000 आणि हॉटेलचे 18,000. ऑगस्टमध्ये आम्हा दोघांची सिंगापूरची तिकिटं 62,000. असे प्रवासाचे 1,14,000, त्यावर 5,700 माइल्स. बाकी औषधं, कपडे, ऑनलाइन खरेदी, बाहेरची जेवणं मिळून 1,90,000, त्यावर 3,800. सुरुवातीचे 2,500 आणि तीन लाखांचे 2,500 धरून एकूण 14,500.

त्या तीन लाखांची एक गोष्ट आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कार्डाचं वर्ष संपायला तीन आठवडे असताना आकडा 2,89,500 वर थांबला होता. दिवाळीची खरेदी होऊन गेलेली. हे म्हणाले, "अगं, साडेदहा हजारांसाठी अडीच हजार माइल्स सोडायचे?" त्यावर आम्ही 5,800 ची मोठी बॅग घेतली, ती सिंगापूरसाठी हवीच होती. आणि 8,700 चा एअर फ्रायर घेतला. तो कुणालाच नको होता. माझ्या वहीत तो कार्डाच्या नावे खर्चाच्या बाजूला लिहिलाय, आणि त्यावरून घरात दोन दिवस वाद झाला.

आता एका माइलची किंमत किती? सगळी मेख इथे आहे. बँकेच्या पोर्टलवर तिकीट काढलं तर एक माइल म्हणजे एक रुपया. तेवढंच करणार असाल तर पुढे वाचूच नका, कारण 14,500 मधून 5,900 गेले की राहतात 8,600, आणि दुसऱ्या वर्षी सुरुवातीचे 2,500 मिळत नाहीत म्हणून 6,100. त्यापेक्षा रोख परतावा बरा.

खरी गंमत माइल्स दुसरीकडे वळवण्यात आहे. एका एज माइलचे बँकेच्या बहुतेक भागीदार विमान आणि हॉटेल कंपन्यांकडे दोन पॉइंट होतात. मी आधी सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या पॉइंट योजनेचा विचार केला. पण पॉइंटांवर देण्याच्या जागा मोजक्या असतात, आपल्या तारखांना त्या असतीलच असं नाही, तिकिटावरचे कर रोखच भरायचे, आणि आम्ही दोघं, म्हणजे सगळं दुप्पट. शिवाय क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांत संपतात आणि एकदा तिकडे पाठवलेले परत येत नाहीत. एकटा, नोकरीला लागलेला, कुठल्याही मंगळवारी उठून जाऊ शकणारा माणूस असेल तर त्याने जरूर करावं. शाळेच्या सुट्ट्या आणि सासूबाईंच्या डॉक्टरांच्या तारखा बघून प्रवास ठरवणाऱ्यांचं ते काम नाही.

हॉटेलांची अकोर कंपनी मात्र सरळ आहे. नोव्होटेल, आयबिस वगैरे त्यांचीच. तिथे 2,000 पॉइंट म्हणजे बिलात 40 युरो कमी, खोली कुठलीही असो, तारीख कुठलीही असो. मी ऑक्टोबरअखेर 10,000 माइल्स पाठवले, त्यांचे 20,000 पॉइंट झाले, म्हणजे 400 युरो. युरो तेव्हा शंभराच्या पलीकडे होता. सिंगापूरला बेनकूलेन रस्त्यावरच्या आयबिसमध्ये आम्ही तीन रात्री राहिलो आणि बिल जवळपास त्यातच भागलं. खोली लहान, पण चोख. लिटल इंडिया चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे यांची सकाळच्या इडलीची सोय झाली.

भाच्याच्या हिशोबाने आमचे इथे 40,000 वाचले. माझ्या हिशोबाने नाही. पॉइंट नसते तर मी रात्रीला तेरा हजारांची खोली घेतलीच नसती. पहिल्या दोन रात्री भाच्याच्या हॉलमध्ये गादीवर झोपलो होतो तसेच पुढेही झोपलो असतो, किंवा फार तर लिटल इंडियातलं सहा हजारांचं साधं हॉटेल बघितलं असतं. म्हणून वहीत तीन रात्रींचे 18,000 लिहिले. जे पैसे माझ्या खिशातून गेलेच नसते ते वाचले असं मी कुठल्याही पक्षकाराला लिहू देत नाही, स्वतःला कसं देऊ?

विमानतळावरच्या लाउंजचं मात्र मला अनपेक्षित सुख मिळालं. मुंबईकरांना ते कळायचं नाही. आम्ही रात्री अकराच्या विमानासाठी दुपारी दोनला घर सोडतो. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो हे खरं, पण पुढे भिवंडी आणि ठाणे जिथल्या तिथे आहेत. कधी सहा तास लागतात, कधी सव्वातीन. सव्वातीन लागले की विमानतळावर बसायचे उरलेले तास भरून काढायला लाउंजसारखी जागा नाही. कार्डावर 2 रुपये कापले जातात आणि आत पोहे, डोसा, गरम सूप, पाय पसरायला खुर्ची. यांना त्यांच्या डेबिट कार्डावर तिमाहीत एकदा जाता येतं, तेवढं पुरलं. पण भरवसा ठेवून उपाशी जाऊ नका. एका विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तीनदा कार्ड लावलं, मशीनने तीनदा नाही म्हटलं, मागे पंचवीस माणसं. बाहेर येऊन इडली घेतली. बाकी तीन वेळा आत गेले, बाहेर खाल्लं असतं तर जेवढे गेले असते तेवढे मांडले: दोनदा 450, सिंगापूरहून परतताना 700. एकूण 1,600.

परदेशात हे कार्ड पर्समध्येच ठेवा. रुपयाचं डॉलर करण्याचे 3.5 टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे शंभराला 4 रुपये 13 पैसे जातात आणि मिळतात 2 माइल्स. मुस्तफा सेंटरमध्ये 20,000 ची खरेदी केली, तिथे 826 रुपये या आकारातच गेले असते. त्यासाठी आम्ही परकीय चलनाचा आकार न लावणारं दुसरं, बिनफीचं कार्ड नेलं होतं.

आता बेरीज. हॉटेलचे 18,000. उरलेल्या 4,500 माइल्समधून धाकट्या मुलीचं बंगळूरचं तिकीट पोर्टलवर काढलं, 4,500. लाउंजचे 1,600. एकूण 24,100. फी 5,900 आणि एअर फ्रायर 8,700 वजा. शिल्लक 9,500.

समोरच्या पानावर मी दुसरा हिशोब मांडला होता: हाच खर्च एसबीआयच्या कॅशबॅक कार्डावर केला असता तर? त्याची फी 999, जीएसटीसह 1,179. ऑनलाइन खर्चावर 5 टक्के, दुकानात 1 टक्का. एअर फ्रायर सोडून माझा ऑनलाइन खर्च 1,92,000 आणि दुकानातला 1,03,300. त्याचे 9,600 आणि 1,033, फी वजा जाता 9,454.

फरक 46 रुपये. वर्षभर अटी वाचल्या, पोर्टलं उघडली, काकांना दुखावलं, त्याचे.

हे म्हणतात, एअर फ्रायर काढ मग बघ. काढला तर ॲटलस पावणेनऊ हजारांनी पुढे जातं, हे मान्य. पण तो काढता येत नाही, कारण अशी वस्तू घ्यायला लावणं हा या कार्डाच्या रचनेचाच भाग आहे. तीन लाखांची रेघ दिसली की हात खिशाकडे जातो. माझ्यासारखीचा गेला.

आणि साठवून ठेवू म्हणाल तर तेही धोक्याचं. याच बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखभर खर्च केला की 25,000 पॉइंट मिळायचे. 1 सप्टेंबर 2023 पासून ते बंद झालं, वर फी 10,000 वरून 12,500 झाली. विस्ताराची कार्डं घेतलेल्यांची तर विमान कंपनीच 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली. त्यांचे पॉइंट एअर इंडियाकडे गेले, बुडाले नाहीत, पण ज्या कंपनीसाठी कार्ड घेतलं तीच राहिली नाही. ॲटलसवरही सिंगापूर, अकोर अशा भागीदारांकडे वर्षाला 30,000 माइल्सच पाठवता येतात. जमले की वापरा.

बिल पूर्ण भरत नसाल तर यातलं काहीच तुमच्यासाठी नाही. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे जातं. थकबाकी राहिली की माइल्स व्याजातच जातात.

घ्यावं कुणी? ज्यांचा वर्षाला दीड-दोन लाखांचा प्रवास ठरलेलाच आहे आणि जे हॉटेलांना पैसे एरवीही देतातच, त्यांनी डोळे मिटून. त्यांच्या वहीत माझ्यासारखे 18,000 नाही, पूर्ण 40,000 लिहिले जातील. आमचं पुढचं वर्ष मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचं आहे, सहल कुठली नाही. दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या आत मी काल बँकेला कार्ड बंद करायची विनंती पाठवली आणि तारीख वहीत लिहिली. सातवा कामकाजाचा दिवस पुढच्या मंगळवारी येतो. काकांना फोन करून मे महिन्यातल्या बंगळूरच्या परतीच्या तिकिटाचं विचारलं, ते म्हणाले, "बघतो वहिनी."

एअर फ्रायरमध्ये परवा पापड भाजले. बरे झाले.