शिकवणीच्या टोपलीतली फिजेट खेळणी: काय ठेवलं, काय काढलं

ठाण्यात पाचपाखाडीला घरीच आठवी-नववीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. संध्याकाळी सातची बॅच येते तेव्हा पोरं पेंगुळलेली असतात, हात मात्र वळवळत असतात. पेनांची टकटक ऐकून माझं डोकं उठायचं, म्हणून जांभळी नाक्यावरून फिजेट खेळणी, म्हणजे हाताला चाळा म्हणून दाबायची-फिरवायची छोटी खेळणी, आणली. दुकानदार भला. "ताई, दाबून बघा, फिरवून बघा, मग घ्या," म्हणाला. ऑनलाइन ही सोय नाही.

मी दोनच गोष्टी बघते. खेळणं हातात असताना डोळे वहीवर राहतात का, आणि शेजारच्याला ऐकू जातं का.

स्पिनर, म्हणजे बोटांत धरून गरगर फिरवायची भिंगरी, तिथेच नापास. त्याच्या मधलं ६०८ नंबरचं बेअरिंग म्हणजे स्केट्सच्या चाकातलंच, आत ८ मिलिमीटर, बाहेर २२. वस्तू म्हणून सुरेख. पण एकाने फिरवला की अख्खी बॅच त्याच्याकडे बघते. २०१७ मध्ये लाट आली तेव्हा कितीतरी शाळांनी त्यावर बंदी घातली, ती काही उगाच नव्हे. पॉप-इटला, म्हणजे मऊ फुगवटे दाबायच्या पट्टीला, बघावं लागत नाही, पण फट्‌फट्‌ थांबत नाही. ते घरी ठीक. चुंबकाच्या बारीक गोळ्या दुकानदाराने दाखवल्या, मी परत केल्या. अशा दोन गोळ्या पोटात गेल्या तर आतड्याला मधे चिमटीत धरून एकमेकींना चिकटतात. घरात धाकटं भावंड असेल तर विषयच नको. आणि काहीही घेताना आयएसआय चिन्ह बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे.

टोपलीत सगळ्यात जास्त पळवापळवी होते ती घरी केलेल्या दाबायच्या गोळ्याची. फुगा आधी एकदा फुगवून सैल करायचा. पाण्याच्या बाटलीचं वरचं तोंड कापलं की नरसाळं तयार. आत मोहरी गच्च भरायची, दाबून हवा काढायची आणि गाठ मारायची. मग दुसऱ्या फुग्याची मान कापून तो उलट्या बाजूने वर चढवायचा, म्हणजे गाठ झाकली जाते आणि एक फाटला तरी दुसरा सांभाळतो. मैद्याचा गोळा दाबलेला आकार धरून ठेवतो, मुलांना ते फार आवडतं. पण ठाण्याच्या पावसाळ्यात आत गुठळ्या होतात, आणि फुटला तर सतरंजीचं काय होतं ते विचारू नका. मोहरीचे दाणे बोटांखालून सरकत राहतात, नुसते वेचून घेता येतात.

एक मुलगी पाच मिनिटं स्थिर बसत नाही. तिच्या जागेखाली, टेबलाच्या खालच्या अंगाला वेल्क्रोची खरखरीत पट्टी चिकटवली. ती बोट घासत समीकरणं सोडवते, कुणाला कळतही नाही. शिलाईचं सामान मिळतं तिथे मीटरवर मिळते. (एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड जातं त्या अवस्थेचं, निदान झालेलं असेल तर मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारूनच काय ते ठरवा, माझ्या टोपलीवर जाऊ नका.)

मोठ्या मुलांना, आणि खरं सांगायचं तर मलाही, साधा नट-बोल्ट पुरतो. नट वर न्यायचा, खाली आणायचा. हार्डवेअरच्या दुकानात अंगठ्याएवढा जाड, पूर्ण आटे असलेला मागा. तेलकट असतो, घरी आणून साबणाने धुवा आणि लगेच पुसा, नाहीतर गंजतो.