फर्ग्युसन कॉलेज, पुणे: इतिहास बघायला जाणार असाल तर

मुख्य इमारतीकडे बोट दाखवून ‘इथेच टिळक शिकवायचे’ असं सांगणारे बरेच भेटतात. तारखा जुळत नाहीत. कॉलेज २ जानेवारी १८८५ला सुरू झालं ते शनिवार पेठेत, गद्रे वाड्यात. टिळक १८९०मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेतून, बाहेर पडले. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे (तेच, संस्कृत कोशवाले) १८९२मध्ये वारले. कॉलेज या जागेत आलं १८९५ साली आणि त्याच वर्षी जूनमध्ये प्राचार्य आगरकरही वारले. ही इमारत खरं तर पुढच्या फळीची: गोखले, टिळकांच्या जागी १८९१पासून गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे आणि १९०२ ते १९२४ प्राचार्य राहिलेले रँग्लर परांजपे.

म्हणून सुरुवात शनिवार पेठेतून करा, मग नदी ओलांडून इकडे या. आधी घुमटाची दगडी इमारत बाहेरून नीट बघा, मग वाडिया अँफिथिएटर. तिथल्या चढत्या अर्धगोल बैठका फार सुरेख आहेत, पण आत जाण्याआधी विचारा. कॉलेज चालू आहे, तास सुरू असतात. ओळखपत्र खिशात असू द्या आणि गेटवर येण्याचं कारण सरळ सांगा.

बहुतेकांची फसगत होते ती वसतिगृहापाशी. सावरकरांची १७ नंबरची खोली एरवी बंद असते. २८ मेला, जयंतीच्या दिवशी, ती लोकांसाठी उघडतात. तेव्हा रांगेची तयारी ठेवा. इतर दिवशी तिकडे चकरा मारू नका, मुलं राहतात तिथे. १९०५च्या विदेशी कापडाच्या होळीनंतर याच वसतिगृहातून सावरकरांना काढलं होतं, आणि काढणारे प्राचार्य होते परांजपे.

सगळ्यात दुर्लक्षित जागा मात्र मागच्या टेकडीवर आहे. १२ जून १९०५ला गोखल्यांनी भारत सेवक समाजाची (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी) स्थापना केली ती इथे. खूण म्हणून स्तंभ आहे. पावसाळ्यात वाट निसरडी होते, चपला घालून चढू नका. सकाळी लवकर गेलात तर ऊन लागत नाही आणि उतरल्यावर वैशाली हॉटेलात नाश्त्याला टेबलही लवकर मिळतं. रविवार सोडून.